जुन्या गाडीची हजेरी: स्टँडर्ड २००० ची ऑनलाइन नोंदवही

घरात १९८५ ते १९९० च्या दरम्यानचा एखादा लग्नाचा अल्बम असेल, तर आज तो कपाटातून काढाच. पंगतीचे, हळदीचे, रुसलेल्या करवलीचे फोटो नेहमीच बघता. आज फक्त नवरानवरी ज्या गाडीतून उतरताहेत ती गाडी बघा. ती अॅम्बॅसेडर किंवा फियाट असेल तर पान उलटा, कारण तशा गाड्या रस्त्यारस्त्यावर होत्या. पण गाडी लांबलचक असेल, नाक पुढे चपटं होत गेलेलं असेल, मागची काच उतरती असेल आणि डिकी त्या काचेसकट वर उघडत असेल, तर जरा थांबा. ती बहुधा स्टँडर्ड २००० आहे. मद्रासमध्ये बनलेली, जेमतेम तीन वर्षं चाललेली आणि आता जवळजवळ कुणाच्याच लक्षात नसलेली.

जुन्या गाड्यांचे शौकीन जगभर एक काम करतात. एखादं दुर्मीळ मॉडेल निवडायचं आणि त्यातली एकेक गाडी शोधून तिची नोंद ठेवायची. कुठली गाडी कुठल्या साली बनली, कुणाकडून कुणाकडे गेली, आज चालू आहे की भंगारात गेली, हे सगळं त्यात येतं. याला रजिस्ट्री म्हणतात, आपण नोंदवही म्हणू. इंटरनेटमुळे हे काम आता कुणालाही घरबसल्या करता येतं. निवृत्त झालेले बाबा आणि कॉलेजात जाणारी मुलगी मिळून ते करू शकतात. एक फोन, एक शीट आणि भरपूर चिकाटी एवढंच भांडवल लागतं. स्टँडर्ड २००० सारख्या गाडीची अशी नोंदवही उभी करायची तर ती कशी करायची, कुठे काळजी घ्यायची आणि घाई का करायला हवी, ते या लेखात बघू.

लंडनचा सूट, गावचे जोडे

आधी गाडीची ओळख करून घेऊ.

इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीने १९७६ मध्ये एसडी वन नावाची गाडी आणली. डेव्हिड बाश यांनी तिची रचना केली होती आणि तिच्या नाकावर फेरारी डेटोनाची छाप स्पष्ट दिसत होती. आत साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन होतं. १९७७ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' किताब तिला मिळाला. इंग्लंडच्या महामार्गांवर पोलिसही ती चालवायचे.

इकडे मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही १९४८ मध्ये स्थापन झालेली कंपनी इंग्लंडच्या स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या बनवत होती. आधी व्हॅनगार्ड, मग १९६० च्या दशकात स्टँडर्ड हेराल्ड. वडीलधाऱ्यांना विचारा, हेराल्ड त्यांना आठवेल. १९७२ मध्ये आलेली गझेल १९७७ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर कंपनी नुसत्या व्हॅनवर तग धरून राहिली. १९८५ मध्ये मोटार उद्योगावरची बंधनं थोडी सैल होत होती. त्या वेळी कंपनीने मोठी उडी मारायचं ठरवलं आणि रोव्हर एसडी वन भारतात आणली. तिचं नाव ठेवलं स्टँडर्ड २०००.

अंग तेच आणलं, पण इंजिन आणलं नाही. व्ही-एट आपल्याकडे कुणाला परवडणार? म्हणून कंपनीने आपल्याच जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं. फर्ग्युसन ट्रॅक्टरचं इंजिनही याच घराण्यातलं. आपल्या रस्त्यांसाठी गाडी जमिनीपासून उंचही केली. म्हणजे वर लंडनमध्ये शिवलेला सूट आणि पायात गावचे जोडे, अशी गत झाली. गाडी महाग होती, पेट्रोल पिणारी होती आणि दोन वर्षांपूर्वीच मारुती ८०० बाजारात आली होती. १९८८ पर्यंत सगळं आटोपलं.

गाडीच्या या अपयशावर हसणारे लेख बरेच सापडतात. मला त्यात फारसा रस नाही. गाडी वाईट असली तरी ज्यांनी ती घेतली त्यांच्या घरात ती साहेबाची गाडी होती, ड्रॉइंग रूममधल्या टीव्हीइतकी लाडकी. शिवाय खपल्या कमी म्हणूनच आज त्या दुर्मीळ आहेत.

कारखाना बंद पडल्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पेरुंगळत्तूरची जागा २००६ मध्ये विकली गेली. आत कधीही रस्त्यावर न आलेल्या, नोंदणीच न झालेल्या काही गाड्या होत्या. त्यांचा लिलाव झाला. सुट्या भागांचा साठा इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या रिमर ब्रदर्स या कंपनीने घेतला, कारण तिकडे एसडी वन सांभाळणाऱ्यांना ते भाग हवेच होते. म्हणजे गाडी इंग्लंडहून भारतात आली आणि तिचे भाग परत इंग्लंडला गेले.

आज तुम्ही चेसिस नंबर घेऊन 'ही गाडी कुठल्या महिन्यात बनली' असं विचारायला गेलात, तर उत्तर द्यायला कंपनीच उरलेली नाही. ग्राहक सेवा नाही, जुन्या नोंदींचा विभाग नाही, डीलर नाहीत. म्हणूनच नोंदवही मालकांनी आणि शौकिनांनीच बनवायला हवी.

अमेरिकेतल्या टकर नावाच्या गाडीचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. १९४८ मध्ये शिकागोला पहिल्या नमुना गाडीसह मोजून ५१ टकर बनल्या आणि कंपनी बुडाली. पण त्या गाड्यांना क्रमाने नंबर होते. त्यामुळे शौकिनांनी एकेका नंबरामागे जाऊन हिशेब लावला आणि आज ४७ गाड्यांचा ठावठिकाणा माहीत आहे. एकूण किती बनल्या हे कळलं की रिकाम्या जागा दिसतात आणि शोध तिथे सुरू होतो. आपल्याकडे तसा पक्का आकडा हाताशी धरून सुरुवात करता येत नाही. आपल्याला उलट्या बाजूने यावं लागतं. सापडलेली प्रत्येक गाडी लिहायची आणि तिचा नंबर मागच्या-पुढच्या नंबरांशी ताडून बघायचा.

नंबर प्लेट म्हणजे ओळख नव्हे

नवखा माणूस यादी करायला बसला की पहिला रकाना 'गाडी नंबर' असा आखतो. तिथेच गाडं घसरतं.

आज आपण 'एमएच १२' असे नंबर बघतो. ही पद्धत १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची आहे. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. स्टँडर्ड २००० विकली गेली ती १९८५ ते १९८८ मध्ये, म्हणजे या गाड्यांचा पहिला नंबर जुन्या पद्धतीचाच असणार. पुढे गाडी दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नियमाने जुन्या आरटीओची एनओसी घेऊन तिथला नवा नंबर घ्यावा लागतो.

समजा, एक गाडी १९८६ मध्ये मद्रासला घेतली. १९९४ मध्ये ती बंगळुरूच्या डॉक्टरांनी विकत घेतली आणि २००८ मध्ये पुण्याच्या शौकिनाने नेली. तिन्ही ठिकाणी तिचा नंबर वेगळा. आता मद्रासचे पहिले मालक तुम्हाला अल्बममधला फोटो पाठवतात, डॉक्टरांची मुलगी फॉर्म भरते आणि पुणेकर तर रोजच गाडीचे फोटो टाकतात. तुमच्या यादीत तीन गाड्या झाल्या, प्रत्यक्षात गाडी एकच आहे. अशा यादीतून 'भारतात इतक्या गाड्या शिल्लक' असा आकडा कुणी काढला तर तो हमखास फुगलेला निघेल.

म्हणून गाडीचं खरं नाव म्हणजे चेसिस नंबर. तो जन्मापासून शेवटपर्यंत एकच राहतो आणि आरसी बुकात लिहिलेला असतो. पण नुसतं बुक बघून समाधान मानू नका. जुनी बुकं हाताने लिहिलेली असायची. कारकुनाचा ३ कधी ८ होतो, १ कधी ७ होतो. पुढे तेच बुक संगणकावर चढवताना चूक तशीच पुढे सरकते. आरटीओत एजंट काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल. गाडीवर कोरलेल्या नंबरावर कागद किंवा चिकटपट्टी ठेवून पेन्सिल घासतात. त्याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. नोंदवहीसाठी याहून चांगला पुरावा नाही. मालकांना तेच करायला सांगा आणि त्या कागदाचा फोटो मागवा. नातवंडांना हे काम दिलं तर ती आनंदाने करतात.

इंजिन नंबरही लिहून घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्या काळात मोठ्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवणं सर्रास चालायचं. पेट्रोलचं बिल सोसेना की मिस्त्रीकडे गाडी न्यायची आणि इंजिन बदलून आणायचं. त्यामुळे इंजिन नंबर जुळत नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही. मात्र कुठलं इंजिन कधी बसलं हे लिहून ठेवलंत तर पुढे त्याचा उपयोग होतो. तो कसा, ते पुढे येईलच.

मामा म्हणाले, "मला चांगलं आठवतंय"

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा भागातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. दक्षिणेत तर गावोगावी मराठी गलाईवाले भेटतात. माझे एक मामा असेच तरुणपणी कोइम्बतूरला गेले आणि तिथलेच झाले. स्टँडर्ड २००० बद्दल वाचत होते तेव्हा मी त्यांना सहज फोन केला.

"मामा, तुमच्याकडे तिकडे स्टँडर्डची मोठी गाडी होती का हो कुणाकडे?"

"होती की! आमच्या दुकानाच्या मालकांकडे होती. माझ्या लग्नात तीच गाडी सजवलेली. पांढरी. ८४ साली घेतली त्यांनी, मला चांगलं आठवतंय."

"पण मामा, ही गाडी आलीच ८५ साली."

क्षणभर शांतता. मग पलीकडून मामींचा आवाज आला, "अहो, ८७ ला घेतली. आपली सुमी दोन महिन्यांची होती तेव्हा त्यांनी पेढे वाटलेले."

मामींनी सांगितलेलं साल बहुधा बरोबर असावं. आता गंमत बघा. सुमीताई दोन महिन्यांची असताना गाडी आली असेल, तर मामांच्या लग्नात तीच गाडी कशी असेल? लग्न आधी झालं होतं. दुसऱ्या दिवशी मामींनी अल्बम शोधून फोटो पाठवला. लग्नातली गाडी अॅम्बॅसेडर निघाली. स्टँडर्ड होती ती सुमीताईच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत, दुकानासमोर उभी. नंबराचे शेवटचे दोन आकडे मालकांच्या पायाआड गेले होते. फोटोच्या मागे मात्र स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती.

आता ही गाडी नोंदवहीत कशी लिहायची? मामांचं मन राखून 'पांढरी, १९८४' लिहायचं का? नाही. इथे एक पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीसमोर पुरावा कुठल्या दर्जाचा आहे ते लिहायचं. गाडीवरचा चेसिस नंबर स्वतः किंवा पेन्सिल प्रिंटमधून पाहिला असेल तर सगळ्यात वरचा दर्जा. त्याखाली आरसी बुक, विमा किंवा पावतीचा फोटो. त्याखाली तारखेसह जुना फोटो. आणि शेवटी फक्त आठवण. मामांच्या मालकांची गाडी तिसऱ्या दर्जात बसते. कोइम्बतूर, पांढरी, अमुक तारखेला दुकानासमोर उभी, नंबर अर्धवट. 'बहुतेक भंगारात गेली' असं मामा म्हणाले. ते आठवणीच्या दर्जात, त्यांच्या नावाने नव्हे तर 'परिचिताच्या सांगण्यावरून' असं लिहायचं. उद्या कुणी दुसऱ्याने तेच आकडे असलेली गाडी पाठवली तर दोन्ही धागे जुळतील.

रिकामा रकाना रिकामाच ठेवायला धीर लागतो. आपल्याला सगळं भरून टाकायची सवय असते. पण अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या माणसाला खरा वाटतो आणि चार वर्षांनी तोच 'पुरावा' होतो. माहीत नसेल तिथे काहीही लिहू नका.

आणखी एक. गाडीच्या गोष्टी पुरुषांनाच विचारायच्या हा समज सोडून द्या. मालकाला गिअर आणि अॅव्हरेज आठवतं. तारखा मात्र बायकांना आठवतात, कारण त्या बाळंतपणाशी, परीक्षांशी, सणांशी जोडलेल्या असतात. 'दसऱ्याला गाडीला हार घातला तेव्हा नवीनच होती' एवढं सांगितलं तरी साल काढता येतं.

फोन उचलणाऱ्याला तुम्ही चोर वाटू शकता

तुम्ही ऑनलाइन फॉर्म बनवला, त्यात पंचवीस रकाने टाकले आणि सगळीकडे पाठवला, तरी जुने मालक तो भरणार नाहीत. आज त्यांचं वय सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. अनोळखी माणूस चेसिस नंबर मागतो म्हटल्यावर त्यांना पहिली शंका फसवणुकीची येणार आणि ती शंका योग्यच आहे. त्यामुळे फोनवर सुरुवात नंबराने करू नका. "काका, गाडी घरी आली तो दिवस आठवतो का?" असं विचारा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. नंबर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनला मागा. फॉर्मपेक्षा व्हॉइस नोट चालते, मराठीत, तामिळमध्ये, कन्नडमध्ये, ज्यांना जी भाषा जवळची वाटेल ती. नंतर ऐकून तुम्हीच रकाने भरा.

माहिती हाती आली की खरी जबाबदारी सुरू होते. दुर्मीळ गाड्यांची यादी म्हणजे दुर्मीळ गाड्या कुठे उभ्या आहेत याची यादी. ती चोराच्या कामाची आहे आणि दलालाच्या तर त्याहून जास्त. एखाद्या घरात आजोबा गेले आहेत, गाडी शेडमध्ये उभी आहे आणि आजींना तिची किंमत माहीत नाही. अशा घरी यादीतून फोन नंबर काढून कुणी 'पंधरा हजार देतो, उद्या टेम्पो पाठवतो' असा फोन केला, तर ती गाडी तुमच्यामुळे गेली असं होईल. म्हणून दोन याद्या ठेवा. एक सगळ्यांना दिसणारी. तिच्यात शहर, रंग, वर्ष, गाडीची अवस्था आणि चेसिस नंबराचा काहीच भाग असेल. दुसरी कुलपातली, फक्त चालवणाऱ्यांकडे असलेली. तिच्यात पूर्ण नंबर आणि संपर्क. कुणाला मालकाशी बोलायचं असेल तर निरोप तुम्ही पोहोचवायचा, नंबर द्यायचा नाही. मालकाला वाटलं तर तो स्वतः फोन करील.

फोटो टाकताना नंबर प्लेट पुसट करा. फोनवर काढलेल्या फोटोत जागेचा पत्ता लपलेला असतो, तोही आधी काढून टाका. सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की पुढच्या फोटोत तो येत नाही. पण दुसऱ्यांनी पाठवलेले फोटो तपासावेच लागतात.

डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. त्यातला मुद्दा साधा आहे. माहिती कशासाठी घेताय ते सांगा, परवानगी घ्या, तेवढ्यापुरतीच वापरा आणि समोरच्याने काढून टाका म्हटलं की काढा. कायदा नसता तरी शेजाऱ्याची चावी सांभाळताना आपण हेच केलं असतं. परवानगी व्हॉट्सअॅपवर एका ओळीत घेतली तरी चालेल, पण ती ओळ जपून ठेवा.

पंधरा आणि पन्नास यांच्या मधली वर्षं

हे सगळं सावकाश, फुरसतीत करू असं वाटत असेल तर हा भाग नीट वाचा.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. नंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. चालू नसलेल्या, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीसाठी एवढी धावपळ करणारी कुटुंबं थोडीच. बुक संपतं, टायर बसतात, उंदीर वायरिंग खातात. मग एक दिवस सोसायटीची नोटीस येते.

दुसरीकडे, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. पण निदान तिला वारसा म्हणून मान्यता मिळते.

आता हिशेब करा. सगळ्यात जुनी स्टँडर्ड २००० आहे १९८५ ची. तिला ५० वर्षं होणार २०३५ मध्ये. शेवटच्या गाड्यांना २०३८ पर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत ही गाडी सरकारी कागदावर नुसती जुनी कार आहे, वारसा नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर तिचं वजन एखाद्या डब्बा झालेल्या गाडीइतकंच. जास्तीत जास्त गाड्या याच मधल्या वर्षांत नाहीशा होतात.

शिवाय विंटेज नियमात अट अशी आहे की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. मघाशी इंजिन बदलल्याची नोंद ठेवा म्हटलं ते याचसाठी. कुणाची गाडी मूळ अवस्थेत आहे, कुणाच्या शेडमध्ये काढून ठेवलेलं मूळ इंजिन अजून पडून आहे आणि कुणाला ते हवं आहे, हे नोंदवहीतून कळलं तर २०३५ च्या आत त्या गाड्यांची तयारी करता येईल.

सुट्या भागांचंही तसंच. बाहेरचं अंग रोव्हरचं असल्यामुळे काही भाग अजून इंग्लंडमधून मागवता येतात. एकट्याने एक रबर बीडिंग मागवायचं तर मालापेक्षा कुरिअर आणि कस्टम ड्युटी महाग पडते. पाच जणांनी मिळून मागवलं तर परवडतं. पण ते पाच जण एकमेकांना माहीत हवेत ना! इंजिन मात्र आपल्या देशी घराण्याचं, त्यासाठी गावातला जुना मिस्त्रीच शोधावा लागतो. अशा मिस्त्रींचीही एक यादी जोडा, तेही गाड्यांइतकेच दुर्मीळ होत चाललेत.

मेलेल्या गाड्याही यादीतून काढू नका, हे मी मुद्दाम सांगते. नवीन शौकीन फक्त चकचकीत गाड्या लिहितात. कोईल असलेली, बागेत झाडाखाली बसलेली, कापली गेलेली गाडीसुद्धा नंबरासकट लिहा. एक तर दोन नंबरांमधली रिकामी जागा त्यामुळे भरते. दुसरं म्हणजे कापलेल्या गाडीचा चेसिस नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर चढलेला दिसला, तर घोटाळा लगेच उघडा पडतो. अवस्थेच्या रकान्यात 'चालू', 'उभी', 'सुटी केलेली', 'गेली' एवढे चार शब्द पुरतात. समोर शेवटची कधी पाहिली ती तारीख मात्र हवीच. २०१४ मध्ये चालू असलेली गाडी आज चालू आहे असं कुणी सांगावं?

चावी दोघांकडे

यंत्रणेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सुरुवातीला गुगल शीट पुरेशी आहे. पन्नास नोंदी होईपर्यंत वेबसाइटच्या मागे लागू नका. लोगो, रंग आणि मेनू ठरवण्यातच उत्साह संपलेला मी बघितलाय. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो कधी बदलू नका, दुसऱ्या गाडीला देऊ नका. बदल केला की कोणी आणि कधी केला ते शेजारच्या रकान्यात लिहा. एवढं नीट चाललं की मग साधं पान बनवा, डोमेनला वर्षाला थोडे पैसे लागतात. आकडा जाहीर करताना 'देशात इतक्या उरल्या' असं लिहू नका. 'आजच्या तारखेपर्यंत आम्ही इतक्या पाहिल्या' असं लिहा.

अशा नोंदवह्या बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो. एकाच माणसाच्या खात्यावर सगळं असतं. तो आजारी पडतो, कंटाळतो किंवा जातो. पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, डोमेनचे पैसे भरायचे राहतात आणि वीस वर्षांचं काम एका सकाळी उघडत नाही. ज्या कारखान्याची कागदपत्रं मिळत नाहीत म्हणून आपण ही खटपट करतो, त्याच कारखान्यासारखी आपलीही गत व्हायची.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन माणसं ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या शहरांतली आणि एक तरी तिशीच्या आतली. सार्वजनिक पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर अधूनमधून जतन करा. ते फुकट आहे. दर दिवाळीला कुलपातल्या शीटची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक छापून फाइलमध्ये ठेवा. त्या फाइलवर काय आहे ते ठळक लिहा. नाहीतर घर आवरताना ती रद्दीत जायची आणि रद्दीवाला काही चेसिस नंबर वाचत बसत नाही.